सात गळे, वीस आवाज : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

'इन्क्रेडिबॉक्स' आणि त्याच्या पठडीतील खेळांविषयी इतकी पत्रे आली आहेत की या वेळचे संपूर्ण सदर त्यांनाच द्यावे असे ठरविले. ज्यांनी हा खेळ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगायचे, तर पडद्यावर सात पात्रे ओळीने उभी असतात आणि त्यांच्या पायाशी वीस चिन्हे मांडलेली असतात. एखादे चिन्ह ओढून एखाद्या पात्रावर सोडले की त्या पात्राचा वेष बदलतो आणि ते ठरावीक लांबीचा एक आवाज पुन्हा पुन्हा काढू लागते. या फिरत्या तुकड्याला लूप म्हणतात. फ्रान्समधील 'सो फार सो गुड' या लहानशा चमूने हा खेळ २००९ मध्ये ब्राउझरसाठी आणला. तो तेव्हा फ्लॅशवर चालत असे. फ्लॅश २०२० च्या अखेरीस बंद झाले, तरी खेळ नव्या तंत्रावर टिकून राहिला.

प्रश्न : माझी नऊ वर्षांची मुलगी हा खेळ रोज खेळते. तिला संगीताचे शिक्षण नाही, तरी ती कोणतेही चिन्ह कोणत्याही पात्रावर टाकते आणि जे ऐकू येते ते गोडच लागते. हे खरे संगीत म्हणावे का? आणि काहीही केले तरी बेसूर कसे होत नाही? (एक पालक, सांगली)

उत्तर : दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, कारण पहिल्याचे उत्तर त्यातच आहे. या खेळात बेसूर होण्याची सोयच ठेवलेली नाही. एका आवृत्तीतील सगळे लूप एकाच लयीत ध्वनिमुद्रित केलेले असतात, त्यांची लांबी एकमेकांशी जुळणारी असते आणि सुरेल लूपांची पट्टीही एकच असते. चार मात्रांचा एक गट, असे चार गट मिळून एक लूप होतो असे धरा. मिनिटाला १२० मात्रांची लय असेल, तर एक मात्रा अर्ध्या सेकंदाची आणि लूप आठ सेकंदांचा होईल. प्रत्येक लूप याच मापात कापलेला असल्यामुळे तो कोणत्याही दुसऱ्या लूपावर ठेवला तरी कड कडेला लागते.

याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे कामांची वाटणी. वीस चिन्हे ठोके, इफेक्ट, मेलडी आणि गळे अशा चार जातींत पाच-पाच विभागलेली असतात. ठोक्यांमधला जाड आवाज अगदी खालच्या पट्ट्यात बसतो, गळे मधल्या पट्ट्यात आणि 'त्स त्स' असे बारीक आवाज बऱ्याच वरच्या पट्ट्यात. ते एकमेकांच्या जागेवर पाय देत नाहीत, म्हणून सातही पात्रे एकाच वेळी गात असली तरी कालवा होत नाही. (मोबाइलच्या छोट्या स्पीकरमधून सुमारे २०० हर्ट्‌झच्या खालचे आवाज जेमतेम ऐकू येतात. मुलीला एकदा चांगल्या हेडफोनवर ऐकू द्या. आजवर न ऐकलेला एखादा ठोका तिला सापडेल.)

सुरांच्या बाबतीतही अशा खेळांचे रचनाकार जपून पावले टाकतात. भूप रागाचे पाच स्वर, सा रे ग प ध, घेतले की त्यांत एकमेकांना अगदी चिकटून बसलेले दोन स्वर येत नाहीत. त्यामुळे ते कसेही एकत्र वाजले तरी कानाला बोचत नाहीत. पाच स्वरांची ही जात जगभरच्या संगीतात सापडते. हा फरक स्वतः अनुभवायचा असेल, तर गूगलच्या 'क्रोम म्युझिक लॅब'मध्ये 'साँग मेकर' नावाचा विनामूल्य उपक्रम आहे. त्यात पाच स्वरांचा पेंटाटोनिक पर्याय निवडून मुलीला वाटेल तसे चौकोन रंगवू द्या आणि मग बाराही स्वरांचा क्रोमॅटिक पर्याय निवडून तेच करायला सांगा. पहिल्यांदा सगळे गोडच लागेल. दुसऱ्यांदा काही स्वर एकमेकांना बोचतील आणि स्वर निवडण्याचे काम आधी कोणी तिच्यासाठी करून ठेवले होते ते कळेल.

आता हे संगीत आहे का? आहे, मात्र त्यातली बरीचशी निर्मिती दुसऱ्या कोणी आधीच करून ठेवली आहे. स्वर निवडणे, लय धरणे, गळा लावणे ही कामे मुलीच्या वाट्याला येत नाहीत. तिच्या वाट्याला येते ती मांडणी, म्हणजे कोणता आवाज केव्हा आत घ्यायचा आणि केव्हा बाहेर काढायचा हा निर्णय. वाद्यमेळाचा संयोजक जे करतो त्याचाच हा एक भाग आहे आणि तो कमी प्रतीचा मुळीच नाही. पर्यायही थोडेथोडके नाहीत. वीसपैकी सात आवाज निवडण्याचे ७७,५२० प्रकार होतात. प्रत्येक प्रकार आठ सेकंद ऐकायचा ठरविले, तर झोप न घेता सात दिवसांहून अधिक वेळ लागेल. परंतु सातही पात्रांना एकदम कामाला लावणे ही या खेळाची सर्वांत सोपी आणि सर्वांत कंटाळवाणी खेळी आहे. मुलगी आवाज काढून घ्यायला केव्हा शिकते तिकडे लक्ष ठेवा. सगळे आवाज चालू असताना तिने ठोका काढला, चार-आठ मात्रा एकटा गळा राहू दिला आणि मग ठोका परत आणला, तर ती ऐकू लागली आहे असे समजावे.

प्रश्न : मी तबला शिकतो. या खेळातील पात्रे तोंडाने ठोके काढतात ते आमच्या बोलांसारखे वाटते आणि फिरणारा लूप लेहऱ्यासारखा. 'जीवन' नावाची एक आवृत्ती तर भारतीय ढंगाची आहे. मग हे आपलेच संगीत वेगळ्या वेषात आले आहे असे म्हणता येईल का? (एक विद्यार्थी, कोल्हापूर)

उत्तर : आपल्या कानाने दोन्ही साम्ये बरोबर टिपली आहेत, निष्कर्ष मात्र घाईचा आहे.

प्रथम बोलांविषयी. तोंडाने ठोके काढण्याची जी पद्धत या खेळाच्या मुळाशी आहे तिला बीटबॉक्सिंग म्हणतात आणि ती १९८० च्या दशकात न्यूयॉर्कच्या हिप-हॉपमधून पुढे आली. डग ई. फ्रेश, बिझ मार्की आणि नंतर राहझेल ही त्यातील मोठी नावे. ज्यांच्यापाशी ड्रम मशीन नव्हते त्यांनी त्या यंत्राचा आवाज तोंडाने काढला. नवशिक्याला आजही 'बूट्स अँड कॅट्स' हे शब्द भरभर म्हणायला लावतात, कारण त्यातल्या ब, त्स आणि क या व्यंजनांतून जाड ढोल, झांज आणि कडक ठोका आपोआप निघतात. म्हणजे बीटबॉक्सिंगमध्ये तोंड हे वाद्याच्या जागी असते. तबल्याचे बोल वेगळ्या कामासाठी जन्मले आहेत. 'धा' म्हणताना आपण तबल्याच्या आवाजाची हुबेहूब नक्कल करत नाही. चाट (तबल्याची कड) आणि डग्गा (डाव्या हाताचे खर्जाचे वाद्य) यांवर दोन्ही हातांनी एकाच वेळी काय करायचे याची ती आज्ञा असते. बोल ही पाठांतराची आणि शिकवण्याची भाषा आहे, म्हणून पढंत, म्हणजे बोल तोंडाने म्हणणे, वाजविण्याआधी होते आणि तिला स्वतःचे सौंदर्य आहे. बीटबॉक्सरला कसली लिपी लिहायची नसते. त्याला यंत्र व्हायचे असते.

लेहऱ्याचे साम्य अधिक खोल आहे आणि म्हणूनच त्यातला फरक अधिक बोलका आहे. एकल तबलावादनात हार्मोनियम किंवा सारंगी एकच सुरावट प्रत्येक आवर्तनात परत वाजवते. ती स्थिर राहते म्हणून तबलजीला कायदा, पलटे, तुकडे, चक्रदार असा कुठेही फेरफटका मारून समेवर, म्हणजे आवर्तनाच्या पहिल्या मात्रेवर, परतता येते. खेळात असा फेरफटका मारणारा कोणीच नाही. सगळेच लेहरा धरून बसलेले आहेत आणि बदल होतो तो केवळ किती जण वाजवत आहेत यात. शिवाय लेहऱ्याची लय वादनाबरोबर विलंबितातून द्रुताकडे चढत जाते, तर खेळातील लय पहिल्या क्षणाला जी असते तीच शेवटपर्यंत राहते.

तरी एका बाबतीत हा खेळ आपल्याला उपयोगी पडेल. त्रितालाच्या ठेक्यात तिसऱ्या विभागात, म्हणजे खालीत, 'तिं तिं ता' येते तेव्हा डग्ग्याची घुमार थांबते, तोल हलका होतो आणि चौथ्या विभागात 'धिं' परत आला की पुढची सम जवळ आल्याचे न मोजताही जाणवते. खाली म्हणजे काढून घेतलेला खर्ज. खेळात जाड ठोक्याचे पात्र आठ मात्रा गप्प करून पुन्हा सुरू केल्यास हाच परिणाम ढोबळ रूपात ऐकू येतो. आपले गुरुजी खालीविषयी जे सांगतात ते कानाला एका नव्या बाजूने पटेल.

'जीवन' ही सातवी आवृत्ती २०१८ ची आहे. तिच्याआधी २०१६ मध्ये 'ब्राझील' आली होती. दोन्हींत एकेका देशाच्या संगीताची छटा घेऊन ती खेळाच्या चौकटीत बसवली आहे. छटा प्रेमाने घेतली आहे, पण ती छटाच आहे. राग उलगडायला वेळ लागतो आणि काही सेकंदांत स्वतःकडे परतणाऱ्या लूपापाशी तो वेळ नसतो. यात रचनाकारांना दोष देण्यासारखे काही नाही. पोस्टकार्डावर खयाल मावत नाही इतकेच.

प्रश्न : आमच्या तरुणपणी टेपरेकॉर्डर होते. तोच तुकडा परत परत वाजविण्यात नवीन ते काय? ही कल्पना नेमकी कधीची? (एक ज्येष्ठ वाचक, ठाणे)

उत्तर : आपल्या टेपरेकॉर्डरहूनही जुनी. योगायोगाने तिचा एक ठळक आरंभ फ्रान्समध्येच सापडतो. पॅरिसच्या रेडिओत काम करणारे अभियंते पिएर शेफर यांनी १९४८ मध्ये ग्रामोफोनच्या तबकडीवरील खाच सर्पिल न ठेवता बंद वर्तुळात कापली. सुई पुढे न सरकता त्याच वर्तुळात फिरत राहिली आणि आगगाडीचा, भांड्याचा किंवा मनुष्याच्या आवाजाचा एक तुकडा अखंड वाजू लागला. सतत फिरल्यामुळे त्या आवाजाचा मूळ अर्थ गळून पडतो आणि तो निव्वळ नाद म्हणून ऐकू येऊ लागतो, हे शेफर यांचे निरीक्षण आजही खरे आहे. पुढे चुंबकीय फीत आल्यावर तिची दोन टोके चिकटवून लूप करणे सोपे झाले आणि १९६० च्या दशकात अमेरिकी रचनाकार स्टीव्ह राइश यांनी सारखेच दोन लूप हळूहळू एकमेकांपासून सरकू देऊन त्यांतून नवे संगीत काढले.

नाचासाठी लूप आणला तो न्यूयॉर्कच्या ब्राँक्समधील डीजे मंडळींनी. कूल हर्क यांनी १९७३ मध्ये तबकडीवरील ज्या भागात फक्त ढोल वाजतात तो भाग, दोन सारख्या तबकड्या आलटून पालटून वाजवत, हवा तितका लांबविला. बीटबॉक्सिंग याच हिप-हॉपच्या घराण्यातले आहे. म्हणजे आपल्या नातवंडांच्या ब्राउझरमध्ये पॅरिसची तबकडी आणि ब्राँक्सची तबकडी अशा दोन वाटा एकत्र आल्या आहेत. तंत्रापेक्षा बदलली आहे ती सहजता. फीत कापायला ब्लेड लागत असे आणि चूक झाली तर फीत वाया जात असे.

प्रश्न : माझा सात वर्षांचा मुलगा 'स्प्रंकी' नावाचा असाच खेळ खेळत होता. रंगीत, गोजिरवाणी पात्रे होती. एकाएकी पडदा काळवंडला, पात्रे विद्रूप आणि रक्ताळलेली दिसू लागली आणि मुलगा रात्री झोपेना. हा त्याच कंपनीचा खेळ आहे का? बंद करावा का? (एक आई, डोंबिवली)

उत्तर : हा त्या कंपनीचा खेळ नाही. 'स्प्रंकी' हा 'इन्क्रेडिबॉक्स'च्या एका चाहत्याने २०२४ मध्ये केलेला अवतार आहे. अशा चाहतेकृत आवृत्त्यांना मॉड म्हणतात. चौकट तीच आहे, पात्रे आणि आवाज मात्र नवे आहेत. नारंगी ओरेन, पांढरी वेंडा, पिवळा सायमन, निळा जेविन ही त्यांतली काही नावे आपण मुलाच्या तोंडून ऐकली असतील. चिन्हांमध्ये एक काळी टोपी असते. ती कोणत्याही पात्रावर ठेवली की खेळ दुसऱ्या, भीतिदायक टप्प्यात जातो आणि मघाशी हसणारी पात्रे जखमी किंवा भयानक रूपात तेच लूप बिघडलेल्या स्वरात गाऊ लागतात. हे अपघाताने घडत नाही. मोठ्या मुलांना हा खेळ आवडतो तो बहुतांशी याच कलाटणीमुळे. बारा-तेरा वर्षांच्या मुलाला त्यात गंमत वाटते. सात वर्षांच्या मुलाला आपल्याच हातून काहीतरी वाईट घडले असे वाटू शकते, कारण टोपी त्यानेच ठेवलेली असते. झोप उडण्यामागे चित्रांइतकेच हेही कारण असू शकेल. म्हणून 'तू काही चुकीचे केले नाहीस, खेळ तसाच बनवला आहे' हे त्याला स्पष्ट शब्दांत सांगा.

मूळ खेळापेक्षा मोठा प्रश्न नकलांचा आहे. 'स्प्रंकी' गाजल्यावर त्याच्या असंख्य प्रती आणि प्रतींच्या प्रती निघाल्या. त्यांतल्या काही निरुपद्रवी आहेत, काहींत रक्तपात मूळ खेळाहून अधिक आहे आणि पुष्कळशा जाहिरातींनी खचाखच भरलेल्या अनोळखी संकेतस्थळांवर आहेत, जिथे 'प्ले' म्हणून दिसणारे बटण खरे तर जाहिरातीचे असते. नाव आणि मुखचित्र सारखे असल्यामुळे कोणती प्रत उघडली आहे हे मुलाला कळत नाही आणि, खरे सांगायचे तर, पालकांनाही कळत नाही. चित्रे गोंडस आहेत म्हणून खेळ लहान मुलांचा, हा समज इथे सोडावा लागतो.

बंदीपेक्षा पर्याय देणे मला बरे वाटते. मूळ 'इन्क्रेडिबॉक्स'च्या काही आवृत्त्या त्यांच्या अधिकृत संकेतस्थळावर विनामूल्य खेळता येतात आणि सर्व आवृत्त्या विकतच्या ॲपमध्ये आहेत. सात वर्षांच्या मुलाला तिथेच राहू द्या आणि पहिल्यांदा शेजारी बसून खेळा. मोठ्या भावंडाला मॉड करण्यातच रस असेल, तर त्याला 'स्क्रॅच'कडे वळवा. अमेरिकेतील एमआयटी मीडिया लॅबने २००७ मध्ये सर्वांसाठी खुली केलेली ती प्रणाली मुख्यतः ८ ते १६ वर्षांच्या मुलांसाठी आहे. तिच्यात ठोकळे जुळवून असा खेळ मुलाला स्वतः बनवता येतो. भीतीची टोपी ठेवायची की नाही हेही मग त्यालाच ठरवू द्यावे.

प्रश्न : आम्ही महाविद्यालयाच्या स्नेहसंमेलनासाठी एका नाटुकल्याला 'इन्क्रेडिबॉक्स'मध्ये केलेले पार्श्वसंगीत लावणार आहोत आणि त्याचे चित्रीकरण समाजमाध्यमांवर टाकणार आहोत. हे संगीत आमचे स्वतःचे मानता येईल ना? (विद्यार्थ्यांचा एक गट, छत्रपती संभाजीनगर)

उत्तर : मांडणी आपली आहे, आवाज आपले नाहीत. प्रत्येक लूप हे स्वतंत्र ध्वनिमुद्रण आहे आणि भारताच्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार ध्वनिमुद्रणाला ६० वर्षे संरक्षण मिळते. याच कायद्याच्या कलम ५२ मध्ये शिक्षणसंस्थांसाठी एक अपवाद आहे. संस्थेच्या उपक्रमात ध्वनिमुद्रण वाजविताना श्रोते कर्मचारी, विद्यार्थी, त्यांचे पालक आणि उपक्रमाशी संबंधित व्यक्ती इतकेच असतील, तर ते कॉपीराइटचे उल्लंघन ठरत नाही. तेव्हा सभागृहातल्या प्रयोगापुरती काळजी नाही. तिकीट लावून बाहेरचे प्रेक्षक बोलावले, किंवा चित्रीकरण समाजमाध्यमांवर टाकले, की हा अपवाद आपल्या पाठीशी राहत नाही. तिथे कंपनीच्या अटी वाचणे आणि गरज पडल्यास लेखी परवानगी मागणे हाच मार्ग आहे. नाटुकले पैशांसाठी नसेल तर विचारायला हरकत ती कसली? परवानगीची वाट पाहायची नसेल, तर लूप स्वतःच तयार करा. ते कसे करावे हे पुढच्या उत्तरात येते आहे.

प्रश्न : मी माध्यमिक शाळेत संगीत शिकविते. वर्गात तीस मुले, एक संगणक आणि एक प्रोजेक्टर आहे. या खेळाचा अध्यापनात काही उपयोग करता येईल का, की तो करमणुकीपुरताच ठेवावा? (एक शिक्षिका, फोंडा, गोवा)

उत्तर : एकच संगणक आहे ही इथे अडचण न ठरता सोय ठरते, कारण मग माउस एकाच्या हाती राहतो आणि बाकीच्या एकोणतीस जणांना ऐकावे लागते.

सुरुवात पडद्याशिवाय करा. प्रोजेक्टर बंद ठेवून तीन पात्रे सुरू करा आणि किती आवाज आहेत ते मुलांना बोटांनी दाखवायला सांगा. नंतर त्यांना न सांगता एक आवाज काढून घ्या आणि काय गेले ते विचारा. हा प्रश्न वाटतो त्याहून पुष्कळ अवघड असतो. गळा गेला तर सगळे हात वर होतात, बारीक 'त्स त्स' गेला तर दोन-तीन, आणि खर्जाचा एखादा स्वर गेला तर 'काहीतरी रिकामे वाटते' यापलीकडे उत्तर येत नाही. ती रिकामी जागा कोणती हे शोधण्यात तास संपला तरी तो सत्कारणी लागला असे मी म्हणेन. त्यानंतर मात्रा मोजायला घ्या. मुलांनी लूपाची पहिली मात्रा कुठे पडते ते टाळीने दाखवावे. नवे चिन्ह सोडल्यावर त्याचा आवाज लगेच न येता लूप फिरून आरंभाला आला की येतो, म्हणून टाळी चुकली की खेळच ती चूक दाखवून देतो. आपल्याला बोलावे लागत नाही.

दुसऱ्या टप्प्यात खेळ बाजूला ठेवून वर्गाचाच खेळ करा. सात मुले पुढे उभी राहतील. एक 'धुम्' असा जाड ठोका देईल, एक चुटक्या वाजवील, एक टाळी, एक षड्ज धरून ठेवील, दोघे लहानशी सुरावट गातील आणि एक जण मधूनच एखादा विचित्र आवाज काढील. आठवी व्यक्ती संयोजक होईल आणि खांद्याला स्पर्श करून एकेकाला सुरू किंवा बंद करील. इथे पहिल्यांदाच लय घसरते, कोणी पुढे पळते, षड्ज खाली येतो. यंत्राने आजवर जे सांभाळून घेतले होते ते किती होते याचा अंदाज मुलांना इथे येतो आणि बेसूर होण्याची मुभाही इथेच मिळते. माझ्या मते या खेळाचा शाळेतला खरा उपयोग हाच आहे; पडद्यावरची पात्रे केवळ निमित्त.

या आवाजांचे ध्वनिमुद्रण करायचे असेल तर मोबाइल पुरेसा आहे आणि कापण्यासाठी 'ऑडॅसिटी' हे विनामूल्य सॉफ्टवेअर आहे. लय आधी ठरवा आणि ती मुलांना हेडफोनमधून ऐकवत मुद्रण करा. मिनिटाला १०० मात्रांची लय घेतली, तर एक मात्रा ०.६ सेकंदाची आणि सोळा मात्रांचा लूप बरोबर ९.६ सेकंदांचा होतो. प्रत्येक तुकडा त्याच लांबीचा कापा. जोडाच्या ठिकाणी 'टक्' असा आवाज येत असेल, तर ध्वनिलहर मधल्या शून्य रेषेला जिथे छेदते तिथेच काप घ्या, म्हणजे तो आवाज जातो. मुलांना दोनदा गायला सांगून दुसरे आवर्तन वापरावे, कारण पहिल्या आवर्तनात श्वास आणि संकोच दोन्ही ऐकू येतात. आवाज आणि सुरावटी मुलांच्याच असल्या, तर मागच्या प्रश्नातला कॉपीराइटचा पेच उरत नाही. मुलांचे चित्रीकरण कुठे टाकायचे असल्यास पालकांची संमती तेवढी घ्यावी.

प्रश्न : गुप्त बोनस कसा शोधायचा? मित्र यूट्यूबवर बघून करतात. (इयत्ता आठवी, वर्धा)

उत्तर : पाच विशिष्ट चिन्हे एकत्र आली की बोनसचे चित्रगीत उघडते. वीसांतून पाच निवडण्याचे १५,५०४ प्रकार आहेत, तेव्हा आंधळेपणाने शोधत बसू नकोस. कोणते आवाज एकाच गाण्यातले असावेत असे वाटते त्यांचे गट कर आणि प्रत्येक वेळी एकच चिन्ह बदलून पाहा. मित्रांना बोनस आधी मिळेल, पण तोवर तुला वीसही आवाज डोळे मिटून ओळखता येतील.

प्रश्न : माझा नातू न्यू जर्सीला असतो. आम्ही दोघे व्हिडिओ कॉलवर हा खेळ एकत्र खेळायला बसतो, पण त्याचे ठोके मला तुटक ऐकू येतात आणि मी टाळी दिली की ती मागे पडते असे तो म्हणतो. माझ्या बिनतारी हेडफोनवर तर एकट्याने खेळतानाही बोट आणि आवाज यांचा मेळ बसत नाही. वयाचा दोष म्हणावा का? (एक आजोबा, नागपूर)

उत्तर : वयाचा दोष मुळीच नाही. तीन वेगवेगळ्या गोष्टी एकात एक मिसळल्या आहेत.

चिन्ह सोडल्यावर पात्र लूपाच्या आरंभाची वाट पाहते हे वर आलेच आहे. तो खेळाचा नियम आहे, बिघाड नव्हे. ब्लूटूथ हेडफोनचा उशीर मात्र खरा आहे. आवाज आकुंचित करून हवेतून पाठविण्यात आणि पुन्हा उलगडण्यात १०० ते ३०० मिलिसेकंद सहज जातात. मिनिटाला १२० मात्रांच्या लयीत एक मात्रा ५०० मिलिसेकंदांची असते, म्हणजे आवाज जवळपास अर्धी मात्रा मागे राहू शकतो. सगळेच लूप सारखेच मागे पडत असल्यामुळे ते आपसांत जुळलेले राहतात. बिनसते ते फक्त डोळ्याचे आणि कानाचे. तार असलेला हेडफोन लावला की हे थांबते. सुरुवातीला आवाजच येत नसेल, तर पडद्यावर एकदा बोट टेकवा. क्रोमने २०१८ पासून अशी रीत ठेवली आहे की वापरणाऱ्याने काहीतरी केल्याशिवाय पानाला आपणहून आवाज काढता येत नाही. आयफोन असल्यास तो सायलेंटवर नाही हेही पाहावे.

व्हिडिओ कॉलचा पेच मात्र तारेने सुटणार नाही. नागपूर आणि न्यू जर्सी यांच्यामधील अंतर कापायला आवाजाला वेळ लागतो. आपण त्याचा उशिरा आलेला ठोका ऐकून टाळी देता आणि ती टाळी तितकाच वेळ घेऊन त्याच्याकडे पोहोचते. शिवाय कॉलची यंत्रणा माणसाचे बोलणे ओळखून बाकीचे आवाज गोंगाट समजून दाबते, म्हणून 'त्स' आणि 'क' असे कोरडे आवाज मधूनच गिळले जातात. कॉलच्या सेटिंगमध्ये गोंगाट कमी करण्याचा पर्याय सापडला तर तो बंद करा, तुटकपणा बराच जाईल. तालात एकत्र वाजविणे तरीही जमणार नाही, तेव्हा आळीपाळीने खेळा. नातवाने आपली जुळणी खेळातच ध्वनिमुद्रित करून तिचा दुवा आपल्याला पाठवावा आणि आपण ती ऐकून, कोणता आवाज काढून टाकायला हवा होता ते त्याला कॉलवर सांगावे.